लाल रेघेची अंडी

"आजी, आज तरी मला आत सोडा ना. मी तोंडाला फडकं बांधते," सावनी जाळीपलीकडून म्हणाली.

"फडकं बांध नाही तर गोधडी पांघर. आत यायचं नाही म्हणजे नाही. साहेब मला हाकलून देतील."

"मग माझी तरी दाखवा."

पायात लाल कडी असलेल्या रांगेतल्या चाळीस कोंबड्यांतली एक तिने स्वतःची ठरवून टाकली होती. तिचं नाव ठेवलं होतं बाईसाहेब, कारण ती मान ताठ करून तिरकं बघायची. मी बाईसाहेबांना पिंजऱ्यातून काढलं, बगलेत धरलं आणि जाळीपाशी नेलं.

"आजी, ही तुमच्यासारखी बघते."

"हो का? मग उद्यापासून तीच तुझ्याशी बोलेल. मी निघाले."

पोरगी खळखळून हसली आणि हसता हसता तिला ढास लागली. वृंदाने, तिच्या आईने, हातातली पिशवी खाली टाकली. सावनीला पुढे वाकवलं आणि ओंजळीसारखा हात करून तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पाच मिनिटं तरी गेली असतील. कफ सुटला तेव्हा पोरीचा चेहरा काळानिळा झाला होता. तोंड पुसून ती मला म्हणाली, "हसवू नका ना मला," आणि परत हसली.

दोन हजार नऊ सालचा एप्रिल होता तो. सावनी आठ वर्षांची होती आणि दिसायची पाचची. तिचा आजार जन्मापासूनचा. अंगातला कफ गोंदासारखा चिकट, आणि घाम इतका खारट की वाळल्यावर कपाळावर पांढरी कड उमटायची. वृंदाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. मी पोरीच्या कपाळाला बोट लावून ते जिभेला लावलं. लोणच्याच्या बरणीतलं बोट चाटावं तसं लागलं.

आमची प्रयोगशाळा साताऱ्याच्या बाहेर माळावर होती. मोठं नाव काही नव्हतं. तीन खोल्या, एक शेड आणि हेरेकर साहेब. साहेब जनावरांचे डॉक्टर, पण काम करायचे माणसांसाठी. त्यांनी एकदा सावनीला समोर बसवून सगळं समजावलं होतं. मीही दारात उभी राहून ऐकलं.

"हे बघ बाळ, तुझ्यासारख्या मुलांच्या छातीत एक जंतू शिरायला टपलेला असतो. तोच जंतू आम्ही मारून कोंबडीला टोचतो. मग ती त्याच्याशी लढायचं सामान तयार करते आणि होणाऱ्या पिल्लासाठी अंड्याच्या बलकात भरून ठेवते. ते आम्ही काढतो आणि तुझ्या बाटलीत भरतो. तू रात्री दात घासून त्याच्या गुळण्या करायच्या, गिळायचं आणि गुपचूप झोपायचं. मग पाणीसुद्धा नाही. जंतू घशातच अडकतो."

"म्हणजे मी पिल्लाचं चोरते?"

"चोरत नाहीस गं, मागून घेतेस."

सावनीला पटलं. साहेब मग वृंदाकडे वळले. त्यांचा आवाज उतरला. "ताई, अजून तो छातीत गेलेला नाही, हे तिचं नशीब. एकदा आत जाऊन बसला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. औषधांनी दबतो, पण निघत नाही. मग वर्षं मोजायची. त्याला आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

अशी पाच मुलं होती. चौघं लांबची, त्यांच्या बाटल्या बर्फाच्या खोक्यातून गाडीने जायच्या. सावनी वाईची, म्हणून महिन्यातून एकदा मायलेकी स्वतः यायच्या.

आता माझं सांगते. मी शेवंता मदने. इथे येण्याआधी फलटणकडच्या एका मोठ्या पोल्ट्रीवर अठरा वर्षं घालवली होती. तिथला दंडक एकच, ट्रे भरल्याशिवाय शेडबाहेर जायचा नाही. तीस म्हणजे तीस. एखादं अंडं तडकलं तर शेजारच्या पिंजऱ्यातलं उचलून भोक बुजवायचं. अर्धा ट्रे घेऊन जाणाऱ्या बाईला सुपरवायझर सगळ्यांसमोर विचारायचा, "बाकीची काय उबवायला बसलात का?" मला त्याने एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारायची पाळी मी येऊ दिली नाही. पुढे माझा ट्रे कुणी मोजतसुद्धा नव्हतं. शेवंताचा आहे ना, मग तीसच, असं म्हणून गाडीत चढवायचे.

साहेबांच्या शेडमध्ये दोन रांगा होत्या. टोचलेल्या चाळीस कोंबड्यांच्या पायात लाल कडी, न टोचलेल्या चाळीसांच्या पायात पांढरी. पांढऱ्या कशाला, तर तुलनेला. लाल रांगेच्या प्रत्येक अंड्यावर मी लाल पेन्सिलीने रेघ ओढायची आणि ट्रे आत द्यायचा. पांढऱ्या रांगेची दोन-तीन अंडी साहेब तपासायला घ्यायचे, बाकीची आम्ही कामगार घरी न्यायचो. लाल रांग रोज तीस-बत्तीस अंडी द्यायची. वरची दोन राखून ठेवून माझा ट्रे पुरा व्हायचा.

त्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून ऊन असं काही तापलं की बोलायची सोय नाही. पत्र्यावर ओली पोती टाकली, दर तासाला पाणी मारलं, पाण्यात गूळ घातला. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या. त्यात लाल रांगेला नुकताच टोचणीचा पुढचा डोस दिलेला. अंडी सव्वीस झाली, मग एकवीस, मग अठरा. पांढऱ्या रांगेला टोचणी नव्हती, ती मेली जोमात होती.

पहिल्या दिवशी चार कमी होती. मी ट्रे हातात घेऊन शेडच्या दारात उभी राहिले. चार मोकळी भोकं माझ्याकडे बघत होती. मी मागे वळले, पांढऱ्या रांगेतली चार अंडी उचलली, त्यांच्यावर लाल रेघा ओढल्या आणि ट्रे आत दिला. अठरा वर्षं तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ घातली. मेच्या पहिल्या आठवड्यात लाल बारा आणि पांढरी अठरा, अशी पाळी आली. मला फरक कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. दारात उभं राहून मी सगळं ऐकलं होतं. पण मनाशी म्हणायचे, दाणा तोच, पाणी तेच, शेड तेच. थोडं इकडचं तिकडे झालं तर काय आभाळ कोसळतंय? पाऊस पडला की लाल रांग परत भरेल.

साहेब तेव्हा प्रत्येक लॉटची ताकद यंत्रावर मोजायचे. ते यंत्र नेमकं बिघडलं आणि पुण्याला दुरुस्तीला गेलं. येईपर्यंत थांबावं की नाही, यावर ते दोन दिवस डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "थांबलो तर मुलांच्या बाटल्या संपतील. दोन वर्षांत एक लॉट कमी निघालेला नाही. करू या."

मेमध्ये पुण्याहून दोन मोठे डॉक्टर काम बघायला आले. साहेबांनी मला शेडबाहेर बोलावून त्यांच्यापुढे उभं केलं.

"या आमच्या शेवंताबाई. उन्हाने जिल्हाभर अंडी घटलीत, पण यांचा ट्रे बघा. एक कमी नाही."

"काय करता काय बाई तुम्ही?" त्यातल्या एकाने विचारलं.

"जीव लावते, साहेब," मी म्हणाले.

मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, छाती फुगली होती.

जूनमध्ये पाऊस झाला, शेड गार पडलं आणि लाल रांग परत तिसावर आली. मी पांढऱ्या अंड्यांना हात लावणं बंद केलं. सगळं सुरळीत झालं, असं वाटलं. महिना संपता संपता एका सकाळी साहेब शेडमध्ये आले. ते कधी चपला न बदलता आत येत नसत, त्या दिवशी आले.

"सावनीच्या कफात जंतू निघाला."

मी दाण्याची बादली खाली ठेवली.

"किती दिवसांचा आहे कोण जाणे," ते म्हणाले. "दवाखान्यात दाखल केलंय. चौदा दिवस शिरेतून औषध. आत्ताच धरला असेल तर जाईलही."

"आणि बाकीची मुलं?"

"बाकीची ठीक आहेत. त्याचंच तर नवल वाटतंय. यंत्र आलं, मी काल नवीन लॉट तपासला. चोख आहे. मेमधली बाटली एक उरलेली नाही, नाही तर तीही तपासली असती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, नुसता थकवा होता. "शेवंताबाई, मधल्या महिन्यात सगळी अंडी लाल रांगेचीच होती ना?"

"हो, साहेब."

"तेच म्हटलं. तुमच्या हातून नाही होणार." ते बाहेर जाता जाता थांबले. "घरी काहीतरी कमीजास्त झालं असणार. चार मुलं ठीक आणि एकच आजारी, म्हणजे दुसरं काय?"

मी परत बादली उचलली आणि दाणा टाकत गेले. टाकून झालेल्या पिंजऱ्यांत पुन्हा टाकत होते, तेही मला कळलं नाही.

त्या रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, डोकं दुखतंय. अंथरुणावर पडून हिशेब केला. मेमधल्या निम्म्याहून जास्त रेघा खोट्या होत्या. बाकीची चार मुलं वाचली ती नशिबाने, आणि सावनीही कदाचित नशिबानेच जंतूच्या तावडीत सापडली असेल. पण मला तसं म्हणायचा हक्क नव्हता. ठरवलं, सांगून टाकायचं. साहेबांना नंतर सांगू, आधी तिच्या आईला. नोकरी गेली तर गेली. लोकांनी शेण घातलं तोंडात तरी चालेल.

रविवारी डब्यात मुगाची खिचडी घेऊन मी दवाखान्यात गेले. सावनी झोपली होती. हाताला सुई, नाकाला नळी. झोपेतही छातीतून घरघर ऐकू येत होती. वृंदा मला बघून उठली आणि मला धरून बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन आली.

"मावशी, बरं झालं आलात. मला कुणाशी तरी बोलायचंच होतं."

"मलाही बोलायचंय, वृंदा. मी आधी सांगते."

"नाही, मी आधी. नाही तर माझा धीर जाईल." तिने माझा हात घट्ट पकडला. "मावशी, हे माझ्यामुळे झालं."

"काय बोलतेस हे?"

"ऐका तर. बाटली फ्रीजमधून काढून तशीच द्यायची, गरम करायची नाही, असं साहेबांनी बजावलं होतं ना? पण थंड घशात गेलं की हिला ढास लागायची. मग उलटी व्हायची, औषध बाहेर. सासूबाई रोज बोलायच्या, खोकल्याच्या पोरीला थंडगार काय पाजतेस, आई आहेस का कोण आहेस? मग मी बाटली गरम पाण्यात ठेवायला लागले. मेचा सगळा महिना. मावशी, मी ते सगळं औषध मारून टाकलं. माझ्या हाताने."

तिला रडू येत नव्हतं. मी विचारलं, "पाणी किती गरम असायचं?"

"कोमट. अंघोळीला घेतो त्याहून कमीच."

"हात बुडवता यायचा?"

"यायचा की. मी हातानेच धरून बसायचे बाटली, थंडी मोडेपर्यंत."

मला माहीत होतं. साहेबांनी मागे एकदा माझ्यासमोर बलकाचं पाणी कमी-जास्त गरम करून तपासलं होतं आणि म्हणाले होते की उकळलं तर सगळं जातं, पण हाताला सोसेल एवढ्या उबेने काही बिघडत नाही. कोंबडीचं अंग तरी कुठे थंड असतं? तरी लोक कोमट म्हणता म्हणता उकळतात, म्हणून गरम करूच नका असं सांगायचं. वृंदाने काहीसुद्धा बिघडवलं नव्हतं. उलट उलट्या थांबवून पोरीच्या घशात औषध टिकवलं होतं. हे एक वाक्य बोलले असते तर ती त्या बाकावरून मोकळी होऊन उठली असती.

आणि लगेच साहेबांकडे गेली असती. साहेब म्हणाले असते, उबेने काही होत नाही ताई, मग खोट कुठे आहे? आणि मग ते पुन्हा शेडकडे वळले असते.

"मावशी, काहीतरी बोला ना. शिव्या द्या हवं तर."

"साहेबांना सांगितलंस?" माझ्या तोंडून निघालं.

"नाही हो! कसं सांगू? सांगितलेलं पाळत नाही म्हणून हिला यादीतून काढून टाकतील. तुम्ही पण सांगू नका. तुमच्या पाया पडते."

"नाही सांगणार."

"शप्पथ?"

"शप्पथ."

तेव्हा कुठे ती रडायला लागली. तोंडात पदर कोंबून रडली, आत आवाज जाऊ नये म्हणून. मी तिला पोटाशी धरलं. तोंड उघडायला अजून वेळ होता. ती रडत होती तो सगळा वेळ होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "होतं असं. आईच्या हातून होतं."

असं म्हणाले मी. आईच्या हातून होतं.

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "तुम्ही काय सांगणार होतात?"

"काही नाही गं. खिचडी गरम आहे तोवर खा."

चौदा दिवसांनी जंतू गेला. गणपतीत परत आला. त्यानंतर तो गेलाच नाही. सावनी महिन्याला येईनाशी झाली. अधूनमधून वृंदाचा फोन यायचा, श्वासाचं यंत्र घेतलं, शाळा सोडली, पायऱ्या चढवत नाहीत. मी सुट्टीच्या दिवशी वाईला जायचे. पोरगी अंथरुणावर बसून बाईसाहेबांची चौकशी करायची. बाईसाहेब कधीच्याच गेल्या होत्या, तरी मी म्हणायचे, आहे, अजून तिरकं बघते. वृंदाचे सासू-सासरे धाकट्या मुलाकडे राहायला गेले. बाटलीचं वृंदानेच एकदा भांडणात नवऱ्याला सांगून टाकलं होतं. तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. जेवायला वाढलेलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत घेऊन जायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि चहा पिऊन परत आले. दर वेळी एस.टी.त बसल्यावर ठरवायचे, पुढच्या खेपेला सांगायचं.

सावनी चौदाव्या वर्षी गेली. तेवीस किलो वजन होतं.

तीन महिन्यांनी वृंदा माझ्या घरी आली. मी तेव्हा काम सोडलं होतं. साहेबांनी निरोपाच्या दिवशी शाल घातली आणि चार लोकांत माझ्या ट्रेची गोष्ट सांगितली होती. वृंदा वाळून गेली होती. केस पांढरे झालेले, वय अजून चाळीससुद्धा नाही. चहा ठेवायला मी उठले तर तिने मला बसवलं.

"मावशी, मी माहेरी चाललेय. कायमची. जायच्या आधी तुम्हाला भेटायचं होतं."

"आणि तो?"

"तो थांब असंही म्हणाला नाही." ती खाली बघत होती. "त्याची चूक नाही. पोरगी माझ्या हातून गेली, त्याने कसं विसरायचं? सासूबाई बोलल्या, नणंद बोलली, माझा सख्खा भाऊ बोलला. गरम कर म्हणणाऱ्या सासूबाईच सगळ्यांत जास्त बोलल्या. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सहा वर्षं. तुम्ही एकदासुद्धा मला बोल लावला नाहीत. साहेबांना सांगितलं नाहीत. सगळं पोटात ठेवलंत. तुम्ही नसतात तर मी त्याच वर्षी विहीर जवळ केली असती."

स्वयंपाकघरात नवरा रेडिओ लावून बसला होता. बाहेर कुणीतरी भाजी विकत होतं. मी म्हणाले, "वृंदा..."

"काही बोलू नका. तुम्ही बोललात तर मला रडू येईल, आणि मला बस पकडायचीय."

ती उठली, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला आणि माझ्यापुढे वाकली. तिचं कपाळ माझ्या पायाला लागलं. मला पाय मागे घेता आला असता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा."